फ्लेमिंगोची वाकडी चोच आणि तो 'रक्ता'चा व्हिडिओ

काही वर्षांपूर्वी फिरून गेलेला तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय, तुमच्याही एखाद्या फॅमिली ग्रुपवर आला असेल. दोन मोठे फ्लेमिंगो, त्यांच्या पायाशी एक राखाडी पिल्लू, मागचा फ्लेमिंगो पुढच्याच्या डोक्यावर चोच टेकवून उभा, आणि पुढच्याच्या डोक्यावरून लालभडक काहीतरी ओघळत खाली पिल्लाच्या चोचीपर्यंत जातंय. खाली कॅप्शन, पिल्लू उपाशी राहू नये म्हणून आई स्वतःचं डोकं फोडून घेते आणि रक्त पाजते, बघा आईची माया. मग हात जोडलेले इमोजी, रडके इमोजी, आणि कुणीतरी लगेच "आजकालच्या मुलांना दाखवा हे".

ते रक्त नाहीये, दूध आहे. म्हणजे गाईम्हशीच्या अर्थाने दूध नव्हे, पक्ष्यांना स्तन नसतातच, पण अन्ननलिकेच्या वरच्या भागाच्या आतल्या अस्तरातून पाझरणारा प्रथिनं आणि चरबी ठासून भरलेला रस असतो, त्याला क्रॉप मिल्क म्हणतात. मागचा पक्षी चोचीतून तो रस सोडतोय आणि तो मध्ये आलेल्या डोक्यावरून वाहतोय, बास. कुणी कुणाचं डोकं फोडलेलं नाही. आणि हे काम एकटी आई करते असंही नाही, बापसुद्धा बरोबरीने दूध पाजतो, त्यामुळे त्या कॅप्शनने बिचाऱ्या बापाला उगाच वगळलंय. हे दूध तयार करायला लावणारं हार्मोन म्हणजे प्रोलॅक्टिन, बाळंतिणीला दूध येतं ते ज्याच्यामुळे तेच. पक्ष्यांमध्ये ही सोय फार थोड्यांकडे आहे, फ्लेमिंगो, कबुतरांचं अख्खं खानदान आणि एम्परर पेंग्विनचा नर. तुमच्या ग्रिलमध्ये घाण करणारी कबुतरंसुद्धा पिल्लांना असंच दूध पाजतात, फक्त ते पिवळट गुठळ्यांचं असतं म्हणून त्याचा कुणी व्हिडिओ करत नाही.

फ्लेमिंगोचं दूध लाल असतं कारण त्यात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात, गाजराला केशरी करणाऱ्या घराण्यातली. फ्लेमिंगो ती स्वतः बनवत नाही, शेवाळ बनवतं, शेवाळ खाणारे बारीक जीव ती अंगात साठवतात आणि फ्लेमिंगो हे सगळं खातो. तीच पिसांत जातात म्हणून पक्षी गुलाबी. पिल्लू जन्मतः पांढरट-राखाडी असतं, पुरतं गुलाबी व्हायला त्याला दोनतीन वर्षं तरी लागतात, आणि प्राणिसंग्रहालयात खाण्यातून हा रंग दिला नाही तर मोठे पक्षीसुद्धा फिके पडत जातात. पिल्लाला पाजणाऱ्या आईबापांचाही रंग उतरतो, कारण तो दुधातून पिल्लाकडे चाललेला असतो.

इथपर्यंतचं फॅक्टचेकवाल्यांनीही लिहून झालंय. मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त आवडतो, जो कुणी विचारतच नाही. बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की दुसऱ्या दिवशी आईमागे पोहत स्वतःचं स्वतः खायला लागतं. फ्लेमिंगोचं पिल्लूही काही दिवसांत चालतं, पोहतं, पण त्याला जवळजवळ दोन-अडीच महिने दूध पाजावं लागतं. का? कारण त्याची चोच सरळ असते. आईबापांची ती मध्येच काटकोनात मोडल्यासारखी दिसणारी चोच पिल्लाला जन्मतः नसते, ती हळूहळू वाकते आणि आतली गाळणीही हळूहळू तयार होते, आणि तोपर्यंत समोर खाडीभर खाणं पसरलेलं असलं तरी त्याला ते खाता येत नाही.

आता ही चोच नीट बघू. बहुतेक पक्ष्यांत वरची चोच मोठी आणि खालची तिच्याखाली बसणारी असते. पोपट, घार, कावळा, कुणीही घ्या. फ्लेमिंगोत हे उलटं आहे, खालचा जबडा मोठा, खोल पन्हळीसारखा, आणि वरचा त्यावर बसणारं पातळ झाकण. असं का ते पक्षी खायला लागला की कळतं. तो मान खाली सोडतो आणि डोकं पूर्ण उलटं करतो, टाळू जमिनीकडे, हनुवटी आकाशाकडे, आणि चोचीचं टोक त्याच्या स्वतःच्या पायांकडे. म्हणजे खाताना वरचा जबडा खाली गेलेला असतो आणि खालचा वर. उलटं डोकं धरलं की सगळा हिशोब जुळतो, मोठी पन्हळ वर, झाकण खाली. आणि झाकणही हलतं. आपला वरचा जबडा कवटीला पक्का असतो, आपण खालचाच हलवतो, पण पक्ष्यांमध्ये वरचाही थोडाफार हलू शकतो आणि फ्लेमिंगो तो चांगलाच हलवतो.

पण वाकडी का? डोकं उलटं करून खायचं तर सरळ चोचीनेही चाललं असतं की. इथे मला खरी मजा येते, जरा धीर धरा, थोडी भूमिती आहे.

घरातला चिमटा घ्या, पापड भाजायचा. थोडासा उघडा. जोडाशी फट जवळजवळ शून्य, टोकाशी सगळ्यात मोठी. कितीही कमी उघडा, फट टोकाकडे वाढतच जाते. सरळ चोचीचं हेच होतं, आणि किडे पकडायचे असतील किंवा दाणे टिपायचे असतील तर त्याने काही बिघडत नाही, कारण कामाचं फक्त टोक असतं. पण फ्लेमिंगोला टिपायचं नाहीये, गाळायचंय, आणि चोचीच्या अख्ख्या कडेने गाळायचंय. फट जर मागे अर्धा मिलिमीटर आणि पुढे पाच मिलिमीटर असेल तर ती गाळणी कसली? पुढून गोटे, शिंपल्याचे तुकडे आत येणार आणि मागून काहीच नाही. त्याला कडेच्या सगळ्या लांबीवर साधारण एकसारखी फट पाहिजे, ती पण कमीजास्त करता येणारी.

आता जबडा बिजागरीभोवती फिरतो म्हणजे त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू एका वर्तुळाच्या छोट्याशा तुकड्यावरून सरकतो, वर्तुळाचा मध्य बिजागरीत. जितका बिंदू लांब तितकं सरकणं जास्त, हे कुठल्याही चोचीत खरं. सरळ चोचीची कड ही बिजागरीपासून निघालेली त्रिज्याच असते, आणि सरकणं नेहमी त्रिज्येला काटकोनात, त्यामुळे सगळंच्या सगळं सरकणं फट वाढवण्यात जातं. वाकड्या चोचीत मात्र वळणानंतरची कड त्रिज्येच्या दिशेत राहतच नाही, ती खाली वळलेली असते. मग तिथल्या बिंदूचं सरकणं कडेला काटकोनात न पडता तिरकं पडतं, त्याचा काही हिस्सा कडेच्या दिशेने नुसताच घसरण्यात जातो आणि उरलेला हिस्सा फट उघडतो. म्हणजे लांबीमुळे फट जितकी वाढायला पाहिजे तितकी तिरकेपणा ती खातो. शाळेतलं कोसाइन आठवत असेल त्यांनी सरकण्याला त्या कोनाच्या कोसाइनने गुणून बघावं, ज्यांना आठवत नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की योग्य वळण दिलं की वळणापासून टोकापर्यंत फट जवळपास सारखी राहते. कागदावर दोन वाकड्या पट्ट्या कापून एका टोकाला टाचणी लावून फिरवून बघा, लगेच दिसेल. लहान मुलांना हे माझ्या समजावण्यापेक्षा लवकर कळतं.

हे सगळं पेनेलोपी जेन्किन नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९५७ साली फ्लेमिंगोच्या गाळून खाण्यावर लिहिलेल्या लांबलचक शोधनिबंधात मांडलंय. आज आपल्याला या चोचीबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंचसं तिथूनच सुरू होतं.

फट ठरली, आता जाळी. चोचीच्या आतल्या कडांवर बारीक बारीक पट्ट्यांच्या रांगा असतात, केराटिनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच्या. बाहेरच्या रांगा जाड, त्या मोठा कचरा आत येऊ देत नाहीत. आतल्या रांगा नाजूक आणि दाट, त्या आत आलेलं खाणं बाहेर जाऊ देत नाहीत. मधल्या मापाचं जे काही तेच पोटात. पाणी आतबाहेर खेळवायला जीभ, आणि ही जीभ म्हणजे प्रकरणच आहे, जाडजूड, मांसल, खालच्या पन्हळीत घट्ट बसलेली, दट्ट्यासारखी मागेपुढे होणारी. मागे गेली की चिखलपाणी आत ओढलं जातं, पुढे आली की पाणी कडांच्या जाळीतून बाहेर. जिभेवर मागे वळलेले काटे, ते अडकलेलं खाणं घशाकडे सरकवत राहतात. मोठा फ्लेमिंगो हे सेकंदाला चारपाच वेळा करतो आणि छोटा त्याहून कितीतरी भराभर. लांबून बघताना आपल्याला वाटतं पक्षी पाण्यात डोकं घालून निवांत उभा आहे.

मोठा आणि छोटा म्हणजे वयाने नाही, जाती वेगळ्या. जगात फ्लेमिंगोच्या सहा जाती आहेत, त्यातल्या दोन आपल्याकडे, मोठा रोहित आणि छोटा रोहित, रोहित म्हणजे फ्लेमिंगोच. मोठ्याची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं, अंग बरंच पांढरं. छोट्याची चोच गडद लाल, लांबून काळीच दिसते, आणि अंग जास्त गुलाबी. मोठ्याची जाळी जाड, तो अर्धा मिलिमीटर ते काही मिलिमीटर मापाचे प्राणी गाळतो, कोळंबीसारखे बारीक जीव, अळ्या, गोगलगायी. छोट्याची जाळी इतकी बारीक की तो मिलिमीटरच्या शतांशात मोजावं लागेल असं शेवाळ गाळतो. त्याच्या वरच्या जबड्याला आतून खोल त्रिकोणी कणा असतो, तो खालच्या पन्हळीत जाऊन बसतो, त्यामुळे जाळीला जागा आणखी मिळते. छोटा बहुतेक पाण्याच्या वरच्या थरातच चरतो, मोठा तळाच्या चिखलात. म्हणजे एकाच खाडीत, एकाच फूटभर पाण्यात दोघं शेजारी उभे राहून खातात आणि एकमेकांच्या ताटातलं काही घेत नाहीत.

आफ्रिकेतल्या खारट सोडा-सरोवरांत छोटा रोहित जे खातो ते मुख्यतः स्पिरुलिना, हो तेच, जे आपल्याकडे सुपरफूड म्हणून हिरव्या गोळ्यांच्या डबीत विकतात आणि ज्याने म्हणे सगळे रोग बरे होतात. फ्लेमिंगोला ते लाभतं कारण त्याच्याकडे ते फुकट गाळायचं यंत्र आहे आणि दुसरं फारसं काही खायची सोय नाही. आपल्याला डाळभात आहे. ठाणे खाडीत त्याला ओहोटीच्या चिखलावर वाढणारी सूक्ष्म शेवाळं मिळतात, आणि ती इतकी वाढतात त्यात आपल्या शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसचा वाटा आहे असं अभ्यासक सांगतात. म्हणजे नव्वदच्या दशकापासून शिवडीच्या चिखलावर हजारोंनी फ्लेमिंगो दिसायला लागले त्यामागे आपल्या संडासांचं योगदान आहे. आता बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या गणनेत खाडीतला आकडा एखाद्या हंगामात लाखाच्याही वर जातो. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. त्यावरून कुणी "बघा पाणी किती स्वच्छ झालंय म्हणून फ्लेमिंगो आले" असं भाषण ठोकलं तर मात्र मनातल्या मनात हसा.

२०२५ मध्ये यात एक भर पडली. अमेरिकेत चिली देशातल्या जातीच्या फ्लेमिंगोंना ट्रेमध्ये खायला घालून हाय-स्पीड कॅमेऱ्याने शूटिंग केलं तेव्हा दिसलं की हा पक्षी पाणी नुसतं ओढत नाही, तो पाण्यात भोवरे तयार करतो. तळाशी नेलेलं डोकं तो झटक्यात वर खेचतो, सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगाने, आणि त्या खेचण्याने तळातला गाळ आणि जीव भोवऱ्यात वर उचलले जातात. मग चोच सेकंदाला बाराएक वेळा खटखट उघडमीट करून पाणी स्वतःकडे ओढत राहतो. चोचीचं टोक चपटं असतं त्याचाही इथे उपयोग होतो, थ्रीडी प्रिंट केलेली चोच पाण्यात हलवून त्यांनी हे तपासलं. म्हणजे कोळंबीसारखे चपळ जीव, जे साध्या गाळणीतून सटकले असते, ते भोवऱ्यात अडकून गाळणीपर्यंत येतात. इतकी वर्षं लोक फ्लेमिंगोला फक्त गाळणारा समजत होते, तो शिकारीही निघाला.

पायही त्याच कामाला लागलेले असतात. फ्लेमिंगो चरताना एका जागी पाय आपटत गोल गोल फिरतो, नाचल्यासारखा, चिखल ढवळतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की कधीकधी त्यावर गोल कडी उमटलेली दिसतात, ती याच नाचाची. बोटांमध्ये बदकासारखे पडदे आहेत. पाय टेकला की बोटं पसरतात आणि पडदा ताणला जातो, त्यामुळे मऊ चिखलात पक्षी फार रुतत नाही, आणि पाय उचलला की पडदा मिटतो. तो मिटला नसता तर चिखलाने पाय धरून ठेवला असता, पावसात चप्पल घालून शेतात गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. वर सांगितलेल्या अभ्यासात या पायांचेही भोवरे दिसले, ते पायांपुढे म्हणजे बरोबर उलट्या चोचीच्या समोर तयार होतात.

आणि एका पायावर उभं राहणं. यावर आपल्याकडे कल्पनांची काय कमी, बगळा ध्यान करतो, सारस तप करतो, फ्लेमिंगो योगी आहे. एका योगवाल्याच्या रीलमध्ये तर फ्लेमिंगो 'वृक्षासनामुळे ऊर्जा वाचवतो' असं ऐकलं. ऊर्जा वाचवतो हे बरोबर, पण आसनाने नव्हे. २०१७ मध्ये यंग-हुई चँग आणि लीना टिंग या दोघांनी मेलेल्या फ्लेमिंगोंवर प्रयोग केला. मेलेला फ्लेमिंगो एका पायावर बरोबर शरीराच्या मध्याखाली ठेवून उभा केला की तो उभा राहतो! स्नायूंचा काहीच संबंध नसताना. शरीराच्या वजनानेच वरचे सांधे अशा स्थितीत येतात की पाय पुढे कोसळत नाही. तोच मेलेला पक्षी दोन पायांच्या स्थितीत, म्हणजे पाय सरळ खाली, मध्याकडे न कललेला, असा धरला की मात्र डळमळतो. जिवंत पिल्लांना वजनपट्टीवर उभं केलं तर ती डोळे मिटून पेंगताना जागेपणापेक्षा कमी डुलतात. म्हणजे एक पाय हाच आरामाचा, दोन पाय म्हणजे कष्ट. थंडीत उष्णता वाचवायला एक पाय पिसांत ओढून घेणं हेही कारण आहेच, अमेरिकेतल्या निरीक्षणांत थंडी वाढली तसे एका पायावरचे पक्षी वाढले. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, त्यात भांडण काही नाही. आणि हो, पायाच्या मध्ये मागे वाकणारा जो सांधा दिसतो तो घोटा आहे, गुडघा वर पिसांत असतो, त्यामुळे "फ्लेमिंगोचे गुडघे उलटे" हेही विसरा.

जाताजाता एक गंमत. या सगळ्या लांबलचक सरंजामाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण असेल? बगळा नाही, करकोचा नाही. टिबुकली. गावच्या तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारा तो मूठभर तपकिरी पक्षी. डीएनएवरून हे नातं या शतकाच्या सुरुवातीला पुढे आलं तेव्हा अनेकांना पटलंच नव्हतं. टिबुकलीची चोच आखूड टोकदार, कारण ती बुडून मासे-किडे पकडते. पाय शरीराच्या पार मागे, बोटांना पडद्याऐवजी सुट्या पाळ्या, पोहायला झकास पण जमिनीवर धड चालता येत नाही, म्हणून घरटंही पाणवनस्पतींचं, पाण्यावरच तरंगणारं, की उतरलं की थेट पाण्यात. घराणं एक, पण चोच, पाय, घरटं तिन्ही वेगळं, कारण पोटाचा धंदा वेगळा.

फ्लेमिंगोचं घरटं मात्र चिखलाचा बुटका शंकू. आजूबाजूचा ओला चिखल चोचीने ओढून ओढून नरमादी रचत जातात, फूटभर किंवा थोडा जास्त उंच, वर उथळ खळगा, त्यात एकच अंडं. गाळणी म्हणून घडलेली चोच इथे थापीचं काम करते. जुन्या काळातल्या युरोपियन खलाशांनी असं लिहून ठेवलं होतं की एवढे लांब पाय घेऊन हा बसणार कसा, तर म्हणे शंकूच्या दोन्ही बाजूंनी पाय खाली सोडून उभ्याउभ्याच अंडं उबवतो. तसं काही नाही, तो पाय नीट दुमडून त्यावर बसतो.

हा शंकू कशाला? कच्छच्या मोठ्या रणात उभं राहून विचार करा. पावसाळ्यात तिथे उथळ पाणी पसरतं, मैलोनमैल, घोट्याएवढं. झाड नाही, झुडूप नाही. उन्हाळ्याकडे पाणी आटतं, मीठ वर येतं आणि जमीन तापते. जमिनीवर अंडं ठेवलं तर बोटभर पाणी वाढलं तरी गेलं, आणि पाणी आटलं तर तापल्या मिठावर शिजलं. फूटभर उंचीवर पाणी पोचत नाही आणि जमिनीलगतची धगही कमी लागते. भोवतीच्या पाण्यामुळे कोल्हाकुत्र्यांना सहज पोचता येत नाही, तेही महत्त्वाचं. सालिम अली १९४५ मध्ये या वसाहतीवर गेले होते, 'फ्लेमिंगो सिटी' म्हणतात तिला, आणि त्यांचा अंदाज पाचेक लाख पक्ष्यांचा होता. दर वर्षी तिथे घरटी होतात असं नाही. पाणी नीट साचलं तरच होतात, दुष्काळी वर्षी पक्षी घरट्याच्या भानगडीतच पडत नाहीत.

इथे कावळ्याची आठवण होते. दरवर्षी मे महिन्यात पेपरात बातमी ठरलेली, कावळ्याने यंदा अमुक झाडावर अमुक बाजूला घरटं केलंय म्हणजे पाऊस चांगला, शेंड्यावर केलं तर कमी, काटेरी झाडावर केलं तर दुष्काळ. एखाद्या गावात चारपाच कावळ्यांची घरटी वेगवेगळ्या झाडांवर असतात त्याचं काय करायचं ते बातमीत नसतं. कावळा घट्ट फांदी, आडोसा आणि माणसांचा त्रास बघतो. फ्लेमिंगोला तर पावसाशी खरोखरच जन्ममरणाचं घेणंदेणं आहे, पण तो पाऊस पडून पाणी साचल्यावर घरटं बांधतो, आधी सांगायला येत नाही. पेरणीचा निर्णय हवामान खात्याच्या अंदाजावर आणि जमिनीतल्या ओलीवर घ्यावा, कावळ्याला त्याचं त्याचं काम करू द्यावं.

आणि मुंबईतले फ्लेमिंगो सायबेरियातून येतात हेही एक. आपल्याकडे हिवाळ्यात दिसणारा कुठलाही पक्षी सायबेरियातून आला असं सांगायची पद्धतच आहे. बीएनएचएसने २०२२ मध्ये काही फ्लेमिंगोंना सॅटेलाइट टॅग लावून सोडलं, ते पक्षी गुजरातेत गेले. ठाणे खाडी हे त्यांचं महिनोन्महिने खायचं ठिकाण, अंडी घालायची जागा तिकडे रणात.

बघायला जायचं असेल तर साधारण डिसेंबर ते मे, आणि घरून निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा, रविवार आहे म्हणून निघालात तर पस्तावाल. पाय कितीही लांब असले तरी त्यांना मर्यादा आहे, पाणी पोटाला लागायला लागलं की चरणं अवघड होतं, त्यामुळे चरायचा वेळ हा ओहोटीचा, चिखल उघडा किंवा जेमतेम बुडालेला असताना. पूर्ण भरतीला सगळा चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर येऊन बसतात. तिथे एका पायावर पेंगणारे भरपूर दिसतील, चरणारे कमी. म्हणून ती तळी "रिकामी पडलीयत" असं म्हणून बुजवायची भाषा जेव्हा होते तेव्हा डोकं फिरतं, दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन्ही वेळा त्या हजारो पक्ष्यांना उथळ जागा लागते, खाडीत त्या वेळी ती नसते. पुण्याकडच्यांनी भिगवणला जावं, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, तिथे मुख्यतः मोठे रोहित, होडीवाले मच्छीमार त्यांना ओळखतात. होडी फार जवळ न्यायला लावू नका, पक्षी उडाले की फोटो छान येतो पण त्यांचं खाणं मोडतं. मोबाइलच्या झूमने नुसते गुलाबी ठिपके येतील, कुणाचा तरी बायनॉक्युलर मागून न्या, आणि एकच पक्षी धरून पाच मिनिटं फक्त चोचीच्या कडेकडे बघा, जिभेने बाहेर ढकललेलं पाणी तिथून बारीक उडताना दिसतं.